केळीचे धडे, मिरचीची वावरं

आधी माफी मागतो. लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असं वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, आणि चढतानासुद्धा दोनदा मागे वळून पाहिलं होतं, कोणी हाक मारून परत बोलावत नाही ना म्हणून. कागदावर काही लिहायचं म्हणजे आमच्याकडे अर्ज. त्यामुळे आत्ताही हात आपोआप 'विषय' आणि 'महोदय' शोधतो आहे. पण आमच्या मॅडम म्हणाल्या, "तू काय काय केलंस ते तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. लिहून ठेव. चुकलं तर चुकलं." केलेल्यापेक्षा चुकलेलंच जास्त आहे. तेच सांगतो.

माझं गाव साक्री तालुक्यात, डोंगराच्या कडेला. शिकायला मात्र जळगावात. नशिराबादला खोली घेऊन राहतो आणि बसने कॉलेजात येतो. संगणक विषयात बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे. दुपारचे दोन तास मी मॅडमच्या हाताखाली संगणक कक्षात काम करतो. ऑनलाइन अभ्यासक्रमांचं सगळं मॅडमच बघतात.

आमच्या कॉलेजने पूर्वी एक अभ्यासक्रम काढला होता, केळीच्या बागेतल्या ठिबक सिंचनाची देखभाल. शिकवणारे सर शेतीचे निवृत्त शिक्षक. तासभराचे बावीस व्हिडिओ, सगळे त्यांच्या स्वतःच्या बागेत काढलेले. सर शिकवतात फार छान, पण चालता चालता. फिल्टरपासून सुरुवात करायची, वाटेत केळीचं पिल्लू, म्हणजे बुंध्याशी फुटलेला कोंब, दिसलं की त्यावर दहा मिनिटं बोलायचं, मग चहा यायचा, तोही व्हिडिओत आहे, आणि चहानंतर परत फिल्टर.

गेल्या वर्षी धुळ्याच्या एका संस्थेने मॅडमना विचारलं, साक्री भागातल्या महिला गटांना ठिबकची दुरुस्ती शिकवायची आहे, तुमचा अभ्यासक्रम मिळेल का? पण तिकडे केळी नाही. मिरची आहे, कांदा आहे. मॅडम मला म्हणाल्या, "नवीन शूटिंग करायचं नाही. फिल्टर केळीचा असो की मिरचीचा, धुवायची रीत एकच. जे कुठेही चालेल ते वेगळं काढ, जे फक्त केळीचं आहे ते वेगळं ठेव. उद्या कापूसवाल्यांनी मागितलं तरी त्याच तुकड्यांतून देता आलं पाहिजे."

मला वाटलं, हे तर सोपं. दोन दिवसांत मी सगळे व्हिडिओ दहा-दहा मिनिटांचे कापले आणि ऐटीत मॅडमना दाखवले. त्यांनी मधलाच एक लावला. सर म्हणत होते, "आणि म्हणूनच ती उलटी बसवायची नाही."

मॅडमनी थांबवलं. "काय उलटी बसवायची नाही?"

"ते आधीच्या तुकड्यात आहे, मॅडम."

"मग हा तुकडा नाही. हा तुटलेला आहे."

मी सगळं पुसून पुन्हा सुरू केलं. या वेळी घड्याळ बाजूला ठेवून कामं मोजली. एका घटकात एकच काम. जाळी धुणं. नळीची टोकं उघडून गाळ काढणं. बंद पडलेलं छिद्र शोधणं. उंदराने कुरतडलेली नळी जोडणं. खोलीवर जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यांच्या कोऱ्या पाठीवर एकेक काम लिहिलं आणि जमिनीवर मांडलं. कुठेही चालणाऱ्या कामांवर हिरवी खूण, फक्त केळीच्या कामांवर पिवळी. माझे खोलीतले मित्र भाकरी घेऊन त्या पत्रिकांमधून उड्या मारत जायचे आणि विचारायचे, "लग्न कोणाचं, फिल्टरचं का?"

खरी अडचण सरांच्या बोलण्याची होती. प्रत्येक वाक्यात 'काल सांगितलं तसं' किंवा 'आपल्या केळीला'. ही वाक्यं नव्याने रेकॉर्ड करायला मी आणि मॅडम त्यांच्या बागेत गेलो. सर आधी हसले, मग थोडे दुखावले.

"केळीच्या धड्यातून केळी काढली तर उरेल काय?"

"फिल्टर उरेल, सर," मी घाबरत म्हणालो.

"आणि काल सांगितलेलं आजच्या माणसाला ठाऊक का नसावं?"

मॅडम म्हणाल्या, "कारण तो माणूस आजच आलाय, सर."

सरांनी टोपी काढून डोकं खाजवलं, टोपी परत घातली आणि संध्याकाळपर्यंत एकही 'काल' न म्हणता बोलले. निघताना आम्हाला दोघांना एकेक फणी केळी दिली. "ही तरी ठेवा," म्हणाले.

अठरा घटक तयार झाले. ते जिथे जाणार होते त्या गटांमध्ये आमच्या गावाचा गट होता, आणि त्या गटात माझी मोठी बहीण होती.

अक्काबद्दल थोडं सांगायला हवं. ती माझ्याहून हुशार. पण दहावीच्या परीक्षेच्या वेळी आई आजारी पडली, घर आणि मी दोघंही तिच्यावर आलो, आणि तिचं हॉल तिकीट तसंच कपाटात राहिलं. त्यानंतर ती कुठल्याच परीक्षेला बसली नाही. तिचं सासर गावातच आहे. आमच्याकडे ठिबक बिघडलं की साक्रीहून माणूस यायचा, तो पंधरा दिवसांनी. तोवर मिरची सुकायची. गटातल्या बायकांनी ठरवलं की हे काम आपणच शिकायचं. शेवटी साक्रीला प्रात्यक्षिक परीक्षा होती. परीक्षक धुळ्याहून येणार होते. जी पास होईल तिला गावातली दुरुस्ती. अक्काने मला फोनवर आमच्या बोलीत सांगितलं, "तुनंच काम शे ना? मंग मी पास व्हसू." तू बनवलं आहेस म्हणजे मी पास होणारच. मी हो म्हणालो.

गावात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या टेकडीवर येतं. बायका तिथे चढून घटक उतरवून घ्यायच्या आणि खाली वावरात बसून पाहायच्या. लहान तुकडे असल्यामुळे ते पटकन उतरायचे. मॅडमना हे ऐकून फार बरं वाटलं होतं.

एका दुपारी मी कक्षात बसलो असताना अक्काचा फोन आला. मागे जोरजोरात हसण्याचा आवाज.

"भाऊ, तुना धडानी बठ्ठ्यास्ले आंघोय घाली!"

मला काही कळेना. धड्याने सगळ्यांना आंघोळ कशी घातली?

मग तिने सांगितलं ते असं. शेजारच्या एका आबांच्या वावरात फिल्टर तुंबला होता. अक्काने पहिले घटक सोडून थेट 'जाळी धुणं' हाच उतरवला. तसं करायला हरकत नव्हती, आम्ही त्यासाठीच ते सुटे केले होते. लाईट नव्हती, म्हणजे मोटर बंदच. सात-आठ जणी फिल्टरभोवती बसल्या. आबा कमरेवर हात ठेवून उभे, आणि त्यांचं चालू, "आते बाया मोटर बी खोलतीन का?" अक्काने घटकात दाखवलं तसं झाकण काढलं, जाळी बाहेर घेतली, आणि त्याच क्षणी लाईट आली.

ज्यांना शेतीतली लाईट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे विहिरीच्या मोटरला वीज पाळीने येते, आणि आली की लगेच पाणी सुरू व्हावं म्हणून मोटरच्या स्विचच्या पेटीतलं ऑटोचं बटण सगळे कायम चालू ठेवतात. माणूस वावरात असो नसो, लाईट आली की मोटर आपली आपण सुरू. उघड्या फिल्टरमधून पाण्याचा खांब उठला. सगळ्या जणी भिजल्या, फोन भिजला, आणि टोमणा अर्धवट सोडून आबाही भिजले. अक्काच्या अंगठ्याला झाकण लागलं होतं, पण ते तिने शेवटी आणि सहज सांगितलं.

"काब्र सांगं नही तू?" का सांगितलं नाहीस, एवढंच तिने विचारलं. रागाने नाही. म्हणून जास्त लागलं.

सरांनी सांगितलं होतं. पहिल्या तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत, 'कशालाही हात लावण्याआधी ऑटो बंद करायचं.' मी ते 'सुरुवात' नावाच्या घटकात ठेवलं होतं. सुरुवात तर सगळे बघतीलच, असं धरून चाललो होतो. आणि खरं सांगायचं तर आमच्या घरच्या विहिरीवरही ऑटो आहे. मोटरचं काम आमच्याकडे पुरुषांचं, म्हणून अक्काचा त्याच्याशी कधी संबंध आला नव्हता; मी मात्र लहानपणापासून ते बटण बंद करूनच हात लावत आलो. मला ते इतकं माहीत होतं की धड्यात ते नाही हे दिसलंच नाही. शहरातला कोणी असता तर त्याने तरी विचारलं असतं की मोटर बंद आहे हे समजायचं कसं.

मॅडमना सगळं सांगितलं. मी म्हणालो, मला या कामावरून काढलं तरी चालेल. मॅडमनी आधी अंगठ्याची चौकशी केली. मग खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "चूक तुझ्या एकट्याची नाही, मीही अठराच्या अठरा पाहिले होते. आता सांग, यातल्या किती कामांत काहीतरी उघडावं लागतं?"

मोजले. अकरा.

परीक्षा आठ दिवसांवर होती. दोन बायकांनी घाबरून यायचं सोडलं होतं. आम्ही त्याच दिवशी सरांच्या बागेत गेलो. सरांना वाटलं, आता आणखी काय काढून टाकायला आले! झालं ते ऐकल्यावर ते गंभीर झाले. पेटीसमोर उभे राहिले आणि एकदाही न थांबता वीस सेकंदांत बोलले, "लाईट नसली तरी ऑटो बंद करा. पेटीजवळ एक माणूस उभा करा. पाण्याचा दाब सोडा. मग हात घाला." त्यांच्या सबंध आयुष्यातलं ते सगळ्यात छोटं भाषण असावं. तो वीस सेकंदांचा तुकडा मी अकराही घटकांच्या आधी जोडला. पुन्हा वापरता येईल असं काहीतरी बनवायचं म्हणून मी तीन महिने धडपडलो होतो, आणि सगळ्यात जास्त वेळा वापरला गेला तो हा. प्रत्येक घटक नव्याने पाहिला. पाहताना मी संगणकातला मुलगा नव्हतो, आजच आलेला माणूस होतो. आणखी दोन ठिकाणी अशीच भोकं सापडली. तीही बुजवली.

गावाकडे नवे घटक गेले. अक्काने आबांच्याच वावरात परत सराव ठेवला. आबा लांबून बघत होते.

"आबा, तुम्हीच पेटीजोडे उभा ऱ्हा," अक्का म्हणाली.

"मी काय राखणदार शे?"

"मंग काय परत आंघोय करनी शे का?"

आबा पेटीजवळ जाऊन उभे राहिले, आणि पुढचे चार दिवस रोज, कोणी न बोलावता. यायच्या थांबलेल्या दोघीही परत आल्या.

परीक्षेच्या दिवशी माझाही अंतर्गत परीक्षेचा पेपर होता. मी काय लिहिलं ते मला आठवत नाही. बाहेर येऊन फोन लावला तर अक्काचा फोन बंद. मेहुण्यांचा बंद. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग साक्रीच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून कळलं की वादळात तारा तुटल्या, तिकडच्या पाच-सहा गावांत लाईटच नाही, फोन चार्ज कुठे करणार? धुळ्याला विचारा, असं मी मॅडमना दहा वेळा म्हणायला गेलो आणि दहा वेळा दुसरंच काहीतरी विचारून परत आलो. वाईट बातमी मॅडमच्या तोंडून नको होती. बसमध्ये, खोलीवर, सगळीकडे एकच विचार, हॉल तिकिटापाशी थांबलेली माझी बहीण इतक्या वर्षांनी एका परीक्षेला बसली, आणि ती माझ्या धड्यांच्या जिवावर.

तिसऱ्या दिवशी तिकडची लाईट आली, आणि दुपारी मी डबा उघडला तोच फोन वाजला. टेकडीवरचा वारा आधी ऐकू आला, मग अक्का.

"जेवना का तू?"

"अक्का, काय झालं?"

"मिरचीले भाव बरा शे यंदा."

"अक्का!"

ती हसली. मग सावकाश सांगायला लागली. परीक्षकांनी तिला फिल्टरपाशी नेलं आणि म्हणाले, उघडा, बाई, लाईट नाही, घाबरू नका. ती उघडेना. ती म्हणाली, "पहिले पेटी दखाडा." पेटीत ऑटो चालूच होता, त्यांनी मुद्दाम ठेवला होता. तिने तो बंद केला, एकीला तिथे उभं केलं, दाब सोडला, आणि मग झाकणाला हात लावला. जाळी धुऊन परत बसवली.

"मग?"

"मंग काय. सोळा जणीसमधून चौदा पास. तुनी अक्का पहिली."