बिनसाखळीची सायकल

इमारत पाडायची ठरली आणि दुबईजवळच्या अजमानमधलं खैरुद्दीनचं सायकल दुरुस्तीचं दुकान गेलं. दुकानाबरोबर व्हिसाही जाणार होता. त्याची मुलगी इन्शा बारावीत होती. रत्नागिरी तिने फक्त सुट्टीत पाहिली होती.

तेव्हा चंद्रशेखर आला. प्रदर्शनं उभारायची कामं घ्यायचा. या वेळचा विषय सायकलचा जन्म. फोटो दाखवत म्हणाला, "खैरूभाई, ही बनवून द्या. पार्टी खूश झाली तर तुम्हालाच तिथे देखभालीला ठेवतो. व्हिसा माझा. इन्शाल्ला."

फोटोतली सायकल साखळी सुचण्याआधीची होती. पेडल थेट पुढच्या चाकाला, म्हणून वेग हवा तर चाकच वाढवायचं. ते छातीएवढं वाढलं होतं. मागचं ताटाएवढं. खैरुद्दीनने लोखंड वाकवलं, एकेक तार ताणली. त्याची बायको रशीदा डबा घेऊन आली आणि वर बघत राहिली.

"अहो, यावर बसणार कोण? सर्कस काढताय काय?"

"काढतो. तू तिकिटं फाड."

बऱ्याच दिवसांनी ती हसली.

स्वतः चालवून पाहिल्याशिवाय त्याने कधी कुणाला सायकल दिली नव्हती. गिऱ्हाईक उन्हात ताटकळलं तरी गल्लीत एक चक्कर व्हायचीच. चंद्रशेखर टेम्पो घेऊन आला, तेव्हाही तो म्हणाला, "एकच राउंड, साहेब."

"अहो, ती नुसती बघायची आहे!"

पण तो चढला होता.

गल्लीच्या टोकाला पार्किंगचा उतार होता. उतार लागला आणि त्याचे पाय थांबले. उतारावर पाय थांबवायचे, गाडी आपोआप जाते. पायांना आयुष्यभर एवढंच माहीत. पण या सायकलचं पेडल चाकाबरोबर फिरतच राहणारं. पायांनी पेडल अडवलं, पेडलने चाक अडवलं, आणि तो चाकावरून पुढे फेकला गेला.

दोन्ही मनगटं मोडली. सायकलला फक्त ओरखडा.

हॉस्पिटलात चंद्रशेखरने प्लास्टर पाहिलं. "उद्घाटन तोंडावर आलंय, खैरूभाई. मला हात चालणारा माणूस लागतो हो."

"म्हणजे खलास?"

चंद्रशेखर टेम्पोची किल्ली घेऊन उठला.

प्रदर्शनात सायकल मधोमध उभी राहिली. लोक तिच्यासमोर फोटो काढू लागले. इकडे रशीदा बॅगा भरत होती. खैरुद्दीन खुर्चीत बसला होता. हात मांडीवर, दुसऱ्या कुणी विसरून गेल्यासारखे.

"पप्पा, बट व्हाय डिड यू राइड इट?" इन्शाने विचारलं.

त्याने खाली पाहिलं. खुर्चीखाली त्याचे पाय उतारावरच्यासारखे तसेच थांबलेले होते.