रिकामा कॅन घेऊन अंदमानला

पुण्याच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत माझ्या आईनं आम्हा सगळ्यांना बळंबळं पाणी पाजलं. झालं असं, की परक्या मुलखातलं पाणी बाधतं म्हणून तिनं घरून पाच लिटरचा कॅन भरून आणला होता आणि तपासणीवाला म्हणाला, "आत न्यायचं नाही, ओतून टाका." ओतून टाका! आईचं माहेर दुष्काळी म्हसवडच्या बाजूचं. तिकडं भांडी विसळलेलं पाणीसुद्धा शेरडांपुढं ठेवतात. तिनं त्या माणसाकडं असं बघितलं की तो बिचारा दुसरीकडं तोंड करून उभा राहिला. मग आई, आबा, माझी दहा वर्षांची लेक आणि मी असे चौघं बाजूला उभे राहून आळीपाळीनं तोंडाला कॅन लावत बसलो. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती, तो या सगळ्यातून सुटला.

"पी गं, आजून एक घोट," आई लेकीला म्हणाली.

"आजी, माझं पोट फुटेल आता."

"फुटत न्हाई. पानी हाय ते."

कसाबसा कॅन रिकामा झाला. तो तरी टाकून द्यावा की नाही? छे! "चांगला कॅन हाय, टाकायचा आसतो व्हय?" म्हणत आईनं तो काखेत मारला आणि आमची वरात अंदमानला निघाली. विमानात आम्ही चौघांनी मिळून किती चकरा मारल्या ते विचारू नका.

आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून निवृत्त झालेले. सहल काढली मी, साताऱ्यातल्या माझ्या कचेरीत वर्षभर रजा साठवून. पण ताबा आबांनी घेतला. सकाळी सहाला हॉटेलच्या व्हरांड्यात "चला, फॉल इन!" अशी आरोळी. शेजारच्या खोलीतलं नवं जोडपं पहिल्या दिवशी घाबरून बाहेर आलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या आधी रांगेत उभं राहिलं.

समुद्र दिसला आणि आबा वीस वर्षांनी लहान झाले. शर्ट काढला, धोतराचा काचा मारला आणि सूर! माझी लेक साताऱ्याच्या तलावात उन्हाळी वर्गात शिकलेली, तीही मागोमाग. निळ्याशार पाण्यात नात आणि आजोबा शर्यत लावत होते. मी आणि आई काठावर चपला, टॉवेल आणि आबांचा चष्मा सांभाळत बसलो. लेक लांबून ओरडली, "आई, ये ना! घाबरट!"

घाबरट म्हणे! माझ्या मस्तकात तिडीक गेली.

आता ऐका. कडेगावकडं आमच्या उसाच्या रानात मोठी विहीर आहे. आबा सुट्टीवर आले की अख्ख्या भावकीतली पोरं त्या विहिरीवर गोळा व्हायची. पाठीवर रिकामा कॅन बांधायचा, मागनं एक धक्का द्यायचा, चार दिवसांत पोरगं तरबेज. आबांच्या हाताखालनं किती पोरं तयार झाली याला गणतीच नाही. आणि कॅनची गाठ कोण बांधायचं? मी. आठ वर्षांची होते. माझी गाठ कधी सुटली नाही, म्हणून आबा माझं कौतुक करायचे. "मला पण पवायचंय" म्हटलं की म्हणायचे, "पोरींनी हिरीत उतरायचं न्हाई." झालं, विषय संपला. चुलत भाऊ पाण्यात धुमाकूळ घालायचे आणि मी काठावर बसून त्यांच्या चड्ड्या सांभाळायचे. एकदा रागानं मी त्या सगळ्या चड्ड्या उसात लपवून ठेवल्या होत्या. पोरं दिवस कलेपर्यंत विहिरीत बसली. मार खाल्ला, पण त्या माराचं मला आजही वाईट वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला खोचली, आईचा कॅन आबांच्या पुढ्यात आपटला आणि म्हटलं, "बांधा."

"काय?"

"कॅन बांधा माझ्या पाठीला. मला पवायला शिकवा."

आबांनी आजूबाजूला बघितलं. "आगं, लोकं काय म्हनतील? एवढी मोठी बाई..."

"आठ वर्षांची होते तेव्हा लहानच होते की!"

त्यांनी कॅन उचलला. मग बॅगेतनं दोरी काढली. फौजी माणूस, कुठंही निघाला तरी बॅगेत दोरी असतेच. बांधता बांधता पुटपुटले, "मी म्हनलो हुतो व्हय आसं? आठवत न्हाई गड्या." लबाड! सगळं आठवत होतं.

मग काय, समुद्रावर तमाशा. पाठीवर कॅन बांधलेली बाई आणि पोटाखाली हात धरून "हात मार! मुंडी वर! पाय झाड!" असा गर्जणारा म्हातारा. एक गोरं कुटुंब फोटो काढायला थांबलं. जीवरक्षक शिट्टी फुंकत आला आणि नारिंगी जाकीट पुढं केलं. आबा त्याला फौजी हिंदीत म्हणाले, "साहब, ये हमारी लडकी है. हम देखेगा." तो बराच वेळ तिथंच घुटमळला. मी खारं पाणी प्याले, नाकातनं काढलं, आबांना लाथा घातल्या. त्यातल्या दोन मुद्दाम.

शिकायला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी जमलं. आबांनी हात काढला आणि मी एकटी पुढं गेले, वीसेक हात तरी. परत फिरून आले तेव्हा लेक टाळ्या पिटत होती. आबांनी माझ्या पाठीवरचा कॅन सोडून उलटा केला, तर त्यातनं भळाभळा पाणी! बूच त्यांनी कधीच काढून ठेवलं होतं, म्हणजे मी कॅनच्या आधाराशिवायच पोहत होते. पोरांच्या बाबतीतही ते असंच करायचे म्हणे. मी काठावर बसलेली, मला हे कसं कळणार?

मला इतका आनंद झाला की रडूच आलं. आणि रडू आल्याबरोबर रागही आला.

"आबा, तीन दिवसांचं काम होतं. तेव्हा का नाही शिकवलंत?"

मला वाटलं, काहीतरी मोठं कारण निघेल. कुणी बुडालं असेल, कुणाला शब्द दिला असेल. आबा कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले आणि म्हणाले, "लोकं नावं ठेवतील म्हनून."

"एवढंच?"

"एवढंच बग." मग खाली बघत म्हणाले, "चुकलं माजं."

आबांच्या तोंडून हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मी पुढं खूप बोलणार होते, चाळीस वर्षांचं साठलेलं होतं, पण तेवढ्यात आई मधे पडली.

"झालं का बापलेकीचं?" काठावरनं आई म्हणाली. हातातल्या चपला तिनं वाळूत टाकल्या आणि नेसूचा काष्टा घालायला लागली. "आता मला शिकवा."

आबा म्हणाले, "तुला?"

"का? लगीन झाल्यापासनं हिरीवर तुमा सगळ्यांची न्याहारी घिऊन येती मी. कुनी इचारलं मला कवा?"

ती आबांना विचारत होती, पण लागलं मला. तीन दिवस मी माझ्या हक्कासाठी भांडत होते, आणि रोज सकाळी पाण्यात शिरताना माझ्या चपला, माझा टॉवेल तिच्याच हातात देत होते. तिला पोहायचं असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मी लाजून म्हटलं, "आई, तू कधी बोलली नाहीस."

"तू तरी कवा इचारलंस?" आई म्हणाली, आणि आमची वाट न बघता गुडघाभर पाण्यात शिरली.