मामांची करपलेली स्कॉच

एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करतो आहे. कृपया हातातली कामं बाजूला ठेवावीत. पाथर्डी तालुक्यात स्कॉच व्हिस्कीची पहिली रीतसर तपासणी आमच्या मामांच्या ओसरीवर, थंडीतल्या एका रविवारी सकाळी, दोन तज्ज्ञांच्या समितीने केली. पहिले तज्ज्ञ शेजारचे आबा. हातभट्टीच्या कामात त्यांचं अख्खं आयुष्य गेलेलं. दुसरा मी. माझा अनुभव शून्य. पण मी इंग्रजी घेऊन नुकताच बी.ए. झालो होतो आणि बाटलीवर सगळं इंग्रजीतच लिहिलेलं होतं. समितीने एकमताने बाटली नापास केली.

बाटली मामांची. मामा रणगाड्यांच्या रेजिमेंटमधून रिसालदार म्हणून निवृत्त झाले, त्या दिवशी त्यांच्या कर्नलसाहेबांनी सगळ्या जवानांसमोर ती त्यांच्या हातात ठेवली. साहेब पुण्याचे. म्हणाले, "रिसालदार, ही एकट्याने फोडायची नाही. तुमच्या रानात हुरडा खायला येईन, तेव्हा दोघं मिळून फोडू."

मामांनी ती मामींच्या लुगड्यांच्या घडीत ठेवली. दरवर्षी साहेबांना यायचं राहून जायचं. मग बाहत्तरचा दुष्काळ पडला आणि ज्वारीच पिकली नाही, तर हुरडा कुठला? पुढच्या वर्षी मात्र पाऊस झाला, कणसं भरली, आणि साहेबांचं कार्ड आलं: रविवारी दुपारी येतो.

झालं. त्या सकाळी मामांनी बाटली बाहेर काढली आणि मला लेबल वाचायला सांगितलं. मी घसा खाकरून वाचलं आणि अर्थ सांगितला, "ही बारा वर्षांची आहे, मामा."

आबा तंबाखू मळत होते, ते थांबले. "बारा? अन् तुमच्याकडं किती वर्सं?"

"पाच."

"म्हंजी सतरा वर्सांची शिळी? रिसालदार, सायबाला हे पाजनार तुमी?"

आता खरं तर इथे मी बोलायला हवं होतं. पण मला काहीच माहीत नव्हतं, आणि ते कबूल करायला माझी पदवी आड येत होती. मी गंभीरपणे मान हलवली. मामांचा चेहरा उतरला. साहेबांच्या तोंडाला काही भलतंसलतं लागायला नको, आधी तपासून घ्यावी म्हणून त्यांनी सील तोडलं.

आबांनी बुचाचा वास घेतला आणि नाक असं काही आक्रसलं की मीच मागे सरकलो. "करपलीय! भट्टीला जाळ जास्त झाला की ह्योच वास येतो. एवढी शिकलेली मान्सं, अन् भांडं करपवलं."

मीही हुंगलं. खरंच धुराचा वास होता.

पुढची परीक्षा आगीची. आमच्याकडे पहिल्या धारेची म्हणजे सगळ्यात कडक दारू ओळखायची एकच रीत: थोडी ओतून काडी लावायची, निळी ज्योत उठली की माल पास. आबांनी चमचाभर व्हिस्की बशीत ओतली आणि काडी लावली. काडी विझली. दुसरी लावली. तीही विझली. चौथ्या काडीला आबांनी टोपी काढली, एखाद्याच्या मयताला काढावी तशी.

"ह्यात दम न्हाई उरला. उडून गेली."

मामा खाटेवर बसले. बसले कसले, कोसळलेच. "आरं, सील म्या तोडलंय," ते हळूच म्हणाले. "आत ही असली. साहेबांना काय वाटंल? मीच पिऊन टाकली अन् काहीबाही भरून ठिवलं, आसंच ना?"

ते मात्र खरं होतं. त्या काळात उंची बाटलीत भलतंच भरून विकणारे महाभाग कमी नव्हते.

आबांचं मन मोठं. ते म्हणाले, "आर्धा गिलास माझ्यातली घालतो. अशी पेटंल की सायबाच्या मिशा जळतील."

"न्हाई," मामा म्हणाले. "एक थेंब घालायचा न्हाई. जे हाय ते साहेबांसमोर ठिवायचं." एवढं बोलून ते लगबगीने घरामागे निघून गेले.

दुपारी जीप आली. रानात आगटी पेटलेली, घोंगडी अंथरलेली, कणसं चोळून गरम हुरडा ताटात पडत होता. साहेब मांडी घालून बसले. मामा बसेचनात. बाटली दोन्ही हातांत धरून सावधानमध्ये उभे राहिले आणि एका दमात सांगून टाकलं, "साहेब, सील म्या तोडलं. घोटसुदा घेतला न्हाई. पर आत करपलीय, अन् पेटत बी न्हाई."

साहेबांनी बाटली घेतली. पेल्यात बोटभर ओतली, नाकापाशी नेली आणि डोळे मिटले. डोळे काही उघडेनात. आबा माझ्यामागे सरकले, मी आबांच्या मागे.

"करपली कोण म्हणालं?"

समितीतला एकही सदस्य पुढे झाला नाही.

साहेब हसले. ताटातला हुरडा उचलून म्हणाले, "ह्याला गोवऱ्यांचा धूर लागलाय. ह्याला करपला म्हणता का तुम्ही? तिकडे दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर मोड आलेले सातू सुकवतात. सगळ्या स्कॉचना हा वास नसतो. हिला आहे, म्हणून तर मी ही निवडली."

"अन् सतरा वर्सं?" आबांनी माझ्या खांद्यावरून विचारलं.

"बारा लाकडी पिंपात. बाटलीत गेल्यावर तिचं वय वाढत नाही, सील असलं तर बिघडतही नाही. आणि बाटलीत भरताना पाणी घालून सौम्य करतात, मग थंडीत काडीने कशी पेटेल?"

मग तांब्यातल्या पाण्याचे चार थेंब त्यांनी पेल्यात टाकले. दारूत पाणी घालताना पाहून आबांनी मान फिरवली. "आता वास घ्या. लहान घोट घ्या, तोंडात धरा, घाई नको." आबांनी घाई केलीच. मी मात्र सांगितल्याप्रमाणे केलं. आधी धूर आला, मग जिभेच्या कडेला काकवीसारखा गोडवा, आणि गिळल्यावर छातीत सावकाश ऊब पसरत गेली. वर हुरड्याचा घास घेतला, तर दोन्ही एकाच आगटीतून आल्यासारखे लागले.

साहेबांनी दुसरा पेला भरून मामांपुढे धरला. "रिसालदार, पाच वर्षं सांभाळलीत. दुसरा कुणी असता तर पाच दिवस टिकली नसती. बसा आता."

मामांचे खांदे खाली आले, गुडघे वाकले आणि ते घोंगडीवर मांडी घालून बसले. साहेबांसमोर उभ्या नोकरीत विचारल्याशिवाय एक शब्द न बोललेला तो माणूस पेला हातात घेऊन, साऱ्या रानाला ऐकू जाईल असा ओरडला, "साहेब, ह्या बाटलीच्या भ्यानं सकाळधरनं चार येळा टमरेल घेऊन पळालोय मी!"