आयर्विनला किती फूट?

फलटणच्या मैदानावर फक्कीची पांढरी रेघ जिथे संपते, तिथून फाटक पंचवीस पावलांवर आहे. मला हे नक्की माहीत आहे, कारण मागच्या वर्षी विभागीय खो-खो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मी ती पंचवीस पावलं चालत गेले आणि परत आले नाही.

मी सांगलीत मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे. वय पन्नासला आलं, गुडघा कुरकुरतो, आवाज मात्र अजून दोन मैदानं ओलांडतो. अशा बाईला भर सामन्यात काय होणार? मलाही तसंच वाटायचं.

झालं ते असं. शेवटची पळती आमची होती, म्हणजे पाठलाग त्यांचा आणि पळायचं आम्ही. पळतीला नऊ मुली तिघी-तिघींच्या तुकड्यांनी उतरतात, आणि कोणती तुकडी कधी उतरणार ती यादी आधी गुणलेखकाच्या टेबलावर द्यावी लागते. त्याआधीच्या विश्रांतीत मी यादी लिहिली, खिशात ठेवली, आणि छाती अशी धडधडायला लागली की हात गेला तो थेट फाटकाच्या कडीला. बोटांना मुंग्या आल्या होत्या, मैदान उलट्या दुर्बिणीतून बघावं तसं लांब गेलं होतं. मनात एकच वाक्य होतं: आपण आता मरणार, आणि तेही ट्रॅकसूटमध्ये. मी आमच्या ट्रॅव्हलर गाडीत जाऊन दार लावून बसले. नववीतली माझी कर्णधार पळत आली, काच ठोकायला लागली. "बाई, यादी! आवं बाई, कुनी जायाचं आधी?" मला खिशाची चेन उघडता आली नाही.

पोरींनी आपल्या मनाने यादी दिली. चांगल्या होत्या त्या सगळ्या पहिल्या दोन तुकड्यांत घातल्या. शेवटची तुकडी मिनिटभरात बाद झाली. आम्ही एका गुणाने हरलो.

मी सांगितलं, पोट बिघडलं होतं. दुसऱ्या दिवशी तिघीजणी डब्यातून ओवा घेऊन आल्या. तो ओवा मी त्यांच्यासमोर चावून खाल्ला. इतका कडू ओवा मी जन्मात खाल्लेला नाही.

तशी ती काही पहिली खेप नव्हती. आधी दोनदा मी रिक्षा करून हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले होते आणि दोन्ही वेळा ईसीजी माझ्या हजेरीपटापेक्षा स्वच्छ निघाला होता. दुसऱ्या वेळी त्यांनीच मिरजेतल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं होतं. ती चिठ्ठी मी वर्षभर पाकिटात वागवली. फलटणहून आल्यावर चौथ्या दिवशी गेले. शेजारी सांगितलं, दाताला चाललेय.

त्या डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. त्यांनी नीट समजावलं. भीतीच्या या झटक्याने माणूस मरत नाही. तो चढतो, टोकाला जातो आणि आपला आपण उतरतो. पळून गेलं की मात्र पुढच्या वेळी लवकर येतो. मग म्हणाल्या, "आला की त्याला शून्य ते दहा यांत गुण द्यायचे."

मी म्हटलं, "ते मला जमणार नाही. खेळाच्या परीक्षेत आम्ही सगळ्यांना पास करतो."

"मग कशात मोजाल?"

"फुटांत," मी म्हटलं. विचार करून नव्हे, तोंडातून गेलं.

त्या लातूरच्या. त्यांना आयर्विन समजावून सांगावा लागला. कृष्णेवरचा आमचा जुना पूल. पावसाळ्यात सांगलीत माणूस माणसाला भेटला की तब्येत नंतर विचारतो, आधी विचारतो, आयर्विनला किती? चाळीस फूट म्हणजे इशारा. पंचेचाळीस म्हणजे धोका, सामान माळ्यावर. पण जाणकार माणूस आकड्यावर थांबत नाही. तो पुढे विचारतो, चढतंय का थांबलंय? आम्ही घराच्या पायरीवर पाण्याच्या कडेला खडूची रेघ मारतो आणि अर्ध्या तासाने बघतो. रेघ तशीच दिसली की घरात चहा टाकतात. पाणी उतरायची वाट कोण बघतो, थांबलं एवढं पुरतं.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: फूट. गोळीही लिहिली. ती मी घेते, लपवत नाही.

मग सुरू झाली मोजणी. मंडईत अडतीस. लग्नाच्या पंगतीत चौतीस. आमचे हे दुकानातून फोन करायचे, "आयर्विनला किती?" मी म्हणायचे, "बावीस." ते म्हणायचे, "मग येताना चक्का आणतो." बास. त्यांनी याहून जास्त काळजी दाखवली असती तर मी वैतागले असते.

सगळ्यात मोठं शिक्षण झालं पार्लरच्या खुर्चीत. केसांना रंग लावलेला, डोक्यावर प्लास्टिकची टोपी, गळ्यात टॉवेल, आणि पाणी एकेचाळीस. त्या अवतारात रस्त्यावर पळून जाणं शक्यच नव्हतं. मग बसले. लांब श्वास सोडत समोरच्या आरशात त्या टोपीवाल्या बाईकडे बघत बसले. बेचाळीस. बेचाळीस. परत बेचाळीस. मग एकोणचाळीस! मी न पळता पाणी उतरलं होतं! मला इतका आनंद झाला की पार्लरवाली म्हणाली, "काकू, रंग एवढा आवडला?"

त्यानंतर एक काम राहिलं होतं, पोरींना खरं सांगायचं. सरावानंतर सगळ्यांना गोल बसवलं आणि चार वाक्यांत सांगितलं: मागच्या वर्षी पोट बिघडलं नव्हतं. मला भीतीचा झटका येतो. यंदाही येऊ शकेल. मी खोटं बोलले, ते चूक होतं.

कर्णधार नदीकाठच्या गावातली. तिच्या घरात दोनदा पाणी शिरलेलं. ती म्हणाली, "म्हंजी पाणी चढतं म्हणा की, बाई."

मी चाटच पडले. मी त्यांना फुटांचं काही सांगितलंच नव्हतं. मग सांगितलं.

"मग सोपं हाय," ती म्हणाली. "आमी इचारत जाऊ. तुमी खरं सांगायचं. ह्या टायमाला ओवा न्हाई."

हसून हसून एकीला उचकी लागली.

यंदा आम्ही पुन्हा अंतिम सामन्यात पोचलो. पुन्हा फलटण, तेच मैदान, तेच फाटक. मुख्याध्यापिकांनी माझ्यासोबत चित्रकलेचे सर दिले होते, "असू देत मदतीला." म्हणजे मी पुन्हा पळाले तर पोरींपाशी कुणीतरी असावं. सरांना खो-खोतलं ओ की ठो माहीत नाही, पण माणूस सरळ. दहिवडीच्या पुढे आमची ट्रॅव्हलर उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली, तेव्हा सरांनी माझ्याकडून पळतीचा अख्खा नियम समजून घेतला आणि स्टॉपवॉच गळ्यात घातलं ते सामना संपेपर्यंत काढलं नाही.

आणि सामना! यजमान पोरी वाऱ्यासारख्या. पण आमच्या डावखुऱ्या मुलीने खांबाला वळसा घालून असा एक सूर मारला की समोरचं पब्लिकसुद्धा "लय भारी!" म्हणून ओरडलं. तीन पाळ्या झाल्या. शेवटची पळती आमची. त्यांना बरोबरीला आठ गडी हवे होते, जिंकायला नऊ. वेळ नऊ मिनिटं.

पाळीआधीची विश्रांती. मी कागद काढला, आणि आलं. ठरल्या वेळेला यावं तसं आलं.

"किती?" कर्णधार शेजारी उभी होती.

"तेहेतीस."

"चढतंय?"

"चढतंय. पाठ कर इकडं." तिच्या पाठीवर कागद ठेवून मी यादी लिहिली. अक्षर कोंबडीच्या पायाचं आलं, पण नऊ नावं आली. कर्णधाराला मी शेवटच्या तुकडीत ठेवलं. चालत टेबलाशी गेले, यादी दिली. गुणलेखकाने दोन नावं विचारून घेतली, ती सांगितली.

परत आले तर सर हळूच म्हणाले, "मॅडम, यादी दिलीत. मोठं काम झालं. आता गाडीत बसा थोडं, मी आहे ना."

किती सभ्य माणूस, आणि किती गोड निमंत्रण! पंचवीस पावलं. मी फाटकाकडे पाहिलं. कर्णधार म्हणाली, "सर, बाई हितं दिसायला पाहिजेत. आमी पळताना टाइम त्यांच्या हाताकडं बघून घेतो."

मी फक्कीच्या रेघेला बुटाचं टोक लावलं. म्हटलं, ही आपली खडूची रेघ.

शिट्टी झाली. पहिली तुकडी एक मिनिट चाळीस सेकंदांत बाद. तिघीही! बाकावरून कुणीतरी कळवळून म्हणालं, "दीदी आधी जायला पाहिजे व्हती." दीदी म्हणजे कर्णधार. माझी यादी चुकली असेल तर आता काही बदलता येणार नव्हतं.

"किती?"

"अडतीस."

बाकावर बसलेल्या राखीव पोरींना आता राहवेना. त्या एका सुरात ओरडायला लागल्या, "बाई, किती?" आणि मला तेवढ्या गोंगाटात मोठ्यानेच सांगावं लागलं, "चाळीस!"

पलीकडच्या रेघेवर यजमानांचे प्रशिक्षक उभे होते, उंच, मिशाळ. त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या पळणाऱ्या पोरींकडे. दुसरी तुकडी एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्या एकेका मुलीला नागमोडी वळसा घालत, पळत होती, एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही.

"एकेचाळीस!"

"आता काहीतरी बदलनार बघा गं!" ते आपल्या मुलींवर ओरडले. "खांब सांभाळा!" त्यांच्या दोन मुली खांबाकडे बघत राहिल्या आणि आमची पोरगी मधून निसटली.

पंच माझ्याकडे आले. "मॅडम, बाहेरून खुणेच्या सूचना नकोत."

"सूचना नाही सर, पाणी सांगतेय."

ते मूळचे कुठले कोण जाणे. मान डोलावली आणि गेले.

दुसरी तुकडी चार मिनिटं पाच सेकंद टिकली. मी अंगठा वर करून तिघींना बाकावर घेतलं. कर्णधार बाकीच्या दोघींना घेऊन मैदानात शिरली. राहिली सव्वातीन मिनिटं, आणि माझ्याशेजारची जागा रिकामी झाली. मुंग्या मनगटापर्यंत आल्या होत्या. पोरींचे चेहरे पुसट व्हायला लागले.

"मॅडम," सर शेजारी येऊन उभे राहिले, स्टॉपवॉच धरून. "किती?"

"त्रेचाळीस. तुमचं?"

"दोन मिनिटं चाळीस."

मी दोन बोटं वर केली. कर्णधाराने पळता पळता पाहिलं, मान हलवली.

सातवी बाद! बारीक चणीची मुलगी खांबाशी सापडली. उरल्या दोघी, कर्णधार आणि आमची उंच पोरगी. आणखी एक गेली की बरोबरी, दोन्ही गेल्या की संपलं.

"किती?"

"चव्वेचाळीस. तुमचं?"

"एक मिनिट."

एक बोट. ते मी हवेत तसंच धरलं. मी लांब श्वास सोडला. बुटाचं टोक बघितलं. रेघेवरच होतं.

"किती?"

"चव्वेचाळीस."

"मगाशीही चव्वेचाळीसच होतं," सर म्हणाले.

"थांबलंय," मी म्हटलं. आणि मग मीच ओरडले, "थांबलंय गं! थांबलंय!"

आमचा अख्खा बाक उभा राहिला. "थांबलंय! थांबलंय!" पोरी नाचायला लागल्या. पलीकडचे प्रशिक्षक घाबरून म्हणाले, "आता ह्यो काय नवीन प्रकार?" त्यांची आक्रमक कर्णधाराच्या पाठीवर झेपावली, हात पुढे, बोटं वेणीपर्यंत पोचली असं मला दिसलं, कर्णधार अंग चोरून दोन मुलींच्या मधून पार झाली, आक्रमक मातीत पालथी पडली, आणि शिट्टी!

सात. फक्त सात! आम्ही एका गुणाने जिंकलो.

पुढचं सगळं धुळीत गेलं. सरांनी स्टॉपवॉच बंद करायचं विसरून मला दोन वेळा "अभिनंदन" म्हटलं. कर्णधार मातीने माखून धावत आली, माझ्या दंडाला धरलं, आणि धापा टाकत पहिलं काय विचारलं असेल? "किती, बाई?"

मला सांगता येईना. शिट्टीनंतर मी मोजायचंच विसरले होते. "बघितलं नाही. तुझं किती?"

"पन्नासच्या वर!" ती छातीवर हात ठेवून हसत सुटली. "सामान माळ्यावर टाका!"

बक्षीस समारंभाच्या आधी ते मिशाळ प्रशिक्षक मुद्दाम चालत आमच्याकडे आले. खिलाडू माणूस. म्हणाले, "मॅडम, तुमची पोरं लय गुणाची. पण एक सांगा. ते आकडे कसले? एवढी वर्षं खो-खोत आहे, असली पद्धत कुठं बघितली न्हाई. चाळीसला तुमच्या पोरी काय करतात?"

"पोरी काही करत नाहीत. ते माझे आकडे."

"बरं, मग चाळीसला तुमी काय करता?"

"काही नाही. उभी राहते."

"आणि चव्वेचाळीसला?"

"तेव्हाही उभीच राहते."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग हसले, बोट नाचवलं, आणि आपल्या मुलींकडे परत जाताना त्यांना म्हणाले, "लय हुशार बाई हाय. सांगत न्हाई."