तिसऱ्या दिवसाचं कोरं पान

इलोनाची एकतीस वर्षं कॅनडातल्या व्हिक्टोरियात, एका म्युझियमच्या तळघरात सोमलाचं विष शोधण्यात गेली. किनाऱ्यावरच्या आदिवासींच्या नाचाच्या वस्तूंना कसर लागू नये म्हणून पूर्वी म्युझियमवाल्यांनी तो मुठीमुठीनं चोळून ठेवलेला. आता वस्तू आपापल्या गावी परत निघाल्या, तेव्हा गावातलंच एकेक माणूस तपासणीत तयार करायचं ठरलं.

शिकवणीचा आराखडा इलोनानं लिहिला. पहिला दिवस यंत्राचा, दुसरा नमुन्यांचा. तिसऱ्या दिवसाच्या पानावर एवढंच, 'घरच्यांना कसं सांगावं'. खाली कोरं. तिसरा दिवस कापला तर चालेल का, अशी वरून विचारणा आली आणि तिनं त्याच दुपारी 'चालेल' लिहून टाकलं. तिनं आजवर नुसते अहवाल धाडलेले. कुणाच्या तोंडावर नाही म्हटलं नव्हतं.

पहिल्या तुकडीतली व्हर्ना हाताची पक्की. गावी जाऊन तिनं सगळ्यात आधी आपल्या आजोबांचा परत आलेला नाचाचा टोप तपासला. मग फोन आला.

"बाई, चार ठिकाणी आकडा घेतला. चारी ठिकाणी सोमल भरपूर."

"अस्तरातही?"

"अस्तर, झालर, सगळीकडे. आणि आई शनिवारच्या पॉटलॅचच्या सोहळ्यात तो घालून नाचणार म्हणून गावभर सांगत सुटलीय. मी तिला म्हटलं, टोप स्वच्छ आहे."

इलोनानं आराखड्याचं तिसरं पान उघडलं.

"सांगायचं कसं, ते तुम्ही शिकवलंच नाहीत, बाई."

दुसऱ्या दिवशी इलोना फेरीबोटीत बसली.

व्हर्नाची आई एडा चौऱ्याऐंशीची. तिनं धुरावलेला सामन मासा पुढे सरकवला. "टोप बघायला आलीस होय, पोरी? नाचाला थांब. माझी कंबर अजून शाबूत आहे."

वाटेत जुळवलेलं एकही वाक्य इलोनाला आठवेना. "एडामावशी, टोपात विष आहे. घालता येणार नाही."

"धुतला तर?"

"नाही निघत."

"एकच नाच गं. मला विष चढायला वेळ तरी कुठाय?"

"टोपातून पिसं उडतात. समोर पोरंबाळं बसलेली असतात."

एडाचं हसू मावळलं. टोपाच्या कड्यात गरुडाची मऊ पिसं भरायची, नाचता नाचता ती सगळ्यांवर उडवायची, की घराघरांतलं वैर मिटलं. वर्षभर वेचलेल्या पिसांची पिशवी तिच्या मांडीवरच होती.

"नेला तेव्हा कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "आणून दिला तेव्हा कुणी सांगितलं नाही."

मग तिनं पिशवी टेबलावर ठेवली. "ही टोपाजवळ होती. बघा."

व्हर्नानं यंत्र धरलं. आकडा आला.

"शून्य आहे, आई. पिसं चांगली आहेत."

एडानं लेकीकडे पाहिलंच नाही.

"पोरी," ती इलोनाला म्हणाली, "तू सांग."