खिळ्यावरचा शर्ट

खाडीत उतरण्याआधी हसुरामकाका अंगातला शर्ट काढायचे आणि करावे गावच्या धक्क्यावर एक जुना लाकडी खांब आहे, त्याच्या खिळ्याला अडकवायचे. ही त्यांच्या बापाची पद्धत. खिळ्यावर शर्ट आहे म्हणजे माणूस पाण्यात, शर्ट नाही म्हणजे परत आला. त्यांच्या घराच्या मागच्या दारातून तो खांब दिसायचा. भरती चढायला लागली आणि शर्ट हललेला नसला, की यमुनाकाकी पुतण्याला हाक मारायची आणि तो मशीनची होडी घेऊन चुलत्याला बघायला जायचा. मला हे सगळं फार उशिरा कळलं. ज्या दिवशी कळलं, तो दिवस अजून माझी पाठ सोडत नाही.

मी मूळची साताऱ्याची. बेलापूरला नोकरी, सीवूड्सला फ्लॅट आणि चिंबोऱ्यांशी, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांशी, संबंध शून्य. पण नवरा कोकणातला, त्याच्या हट्टापायी एका रविवारी करावे गावातल्या बाजारात गेले. एका टोपलीत सुतळीने बांधलेल्या चिंबोऱ्या तोंडाने बुडबुडे काढत होत्या. मागे इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक काटकुळा म्हातारा आणि शेजारी त्याची बायको. मी घाबरत विचारलं, "काका, मेलेली नाही का एखादी?"

म्हातारा टोपलीवर वाकून हसायला लागला. "बाय, मेलेली चिंबोरी खाशील तं तूच मरशील! नवऱ्याशी भांडन झालंय काय?"

पिशवी देताना त्यांच्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं. मधल्या बोटाचं पेर नव्हतं. मी बघतेय हे त्यांनी बघितलं. "नांगीत घावलं. पन त्या चिंबोरीला मी इकली नाय हां. घरीच खाल्ली. आपलंच मांस, लोकांना इकू कसं?" यमुनाकाकीने कपाळाला हात लावला. हा विनोद तिने शंभरदा तरी ऐकला असणार.

त्यांचा धंदा मी हळूहळू समजून घेतला. लोखंडी कडीला जाळं बांधलेलं असतं, त्याला ते पगोळी म्हणायचे. जाळ्यात माशाचं डोकं बांधायचं, पगोळ्या ओळीने तळाला सोडायच्या आणि थोड्या वेळाने एकेक वर ओढायची. काका ओहोटीबरोबर छोट्या होडीतून एकटेच खाडीच्या तोंडाशी जायचे, समुद्र सुरू होतो तिथपर्यंत. मोठमोठे बार्ज जातात, त्यांची लाट आली की होडी आडवी व्हायची. कडेच्या तिवरांच्या झाडीत मांडीएवढा चिखल. पण अमावस्येच्या सुमाराची भरलेली, दोन तळहातांएवढी चिंबोरी हॉटेलवाले धक्क्यावर येऊन घेऊन जायचे. मुलगी नर्स झाली ती याच धंद्यावर. "मानसं पोरींना सोन्यानं मढवतात, मी माज्या पोरीला चिंबोऱ्यांनी मढवली," असं सांगताना त्यांचा आवाज चढायचा.

पोटाला अंडी धरलेली मादी मात्र ते विकत नसत, परत पाण्यात सोडत. मी एकदा जास्त पैसे देते म्हणाले, तर चक्क रागावले. "बालंतीन इकायची काय?"

मी म्हटलं, "काका, एकटे जाता, निदान फोन तरी न्या."

"तीन फोन खाडीत गेले. आता चवथा देऊ तिला? तुमी फ्लॅटवाली मानसं भरती मोबाईलवर बगता. मना घोट्याला पानी लागलं की कलतं."

आता तो रविवार. आमच्या सोसायटीने धक्क्यावर स्वच्छता मोहीम काढली होती. हातमोजे, टोप्या, काळ्या पिशव्या, फोटो, सगळं साग्रसंगीत. मला हुरूप फार. बाटल्या गोळा केल्या, फाटकी जाळी गोळा केली आणि खांबावर लटकणारं एक निळ्या चौकटींचं, कॉलर विरलेलं फडकंही ओढून पिशवीत कोंबलं. काका मला माहीत होते ते बाजारातले, इस्त्रीचे. हा त्यांचा पाण्यावर जायचा शर्ट मी कधी पाहिलाच नव्हता. आणि तिथल्या कुणाला विचारावं, हेही मला सुचलं नाही.

दुपारी दोनला, घरी पाहुणे यायचे म्हणून सांगून ठेवलेल्या चिंबोऱ्या आणायला मी काकांच्या घरी गेले. यमुनाकाकी निवांत भाकऱ्या थापत होती. "आले नाय अजून. शर्ट नाय खिल्यावर, म्हंजे आले नी तसेच हॉटेलवाल्याकडं गेले असतील."

"कुठला शर्ट?" मी सहज विचारलं.

"त्यांचा पान्यावरचा. निल्या चौकटीचा."

सकाळी पिशवीत कोंबलेलं ते फडकं! खरं सांगते, क्षणभर वाटलं, गप्प बसावं. काका येतीलच, कशाला सांगायचं? मग मागच्या दारातून खाडी दिसली. पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढत होतं. मी सांगितलं. काकीच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. ती पुतण्याच्या नावाने ओरडत धावत सुटली.

पुतण्याची होडी गेली. आम्ही दोघी धक्क्यावर उभ्या राहिलो. मी एकेक पायरी पाण्याखाली जाताना बघत होते. सातवी गेली, सहावी गेली. काकी पदर तोंडात धरून उभी होती. तिने मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सकाळी याच जागी उभं राहून मी फोटोसाठी हसले होते.

चौथी पायरी बुडाली तेव्हा होडी दिसली. काका तिच्यात बसलेले होते. तिवरात गुंतलेली पगोळी सोडवायला ते खाली उतरले, पाय मांडीपर्यंत रुतला आणि होडी वाहून गेली. कसाबसा पाय ओढून त्यांनी एका तिवराला मिठी मारली होती. पुतण्या पोचला तेव्हा पाणी छातीला लागलं होतं.

मी रडत रडत माफी मागितली. ते थरथरत होते, ओठ पांढरे पडले होते. म्हणाले, "मी तिथं यमुनेला शिव्या देत होतो. म्हटलं, शर्ट बगून पन बाई झोपली काय!" मग माझ्याकडे बघून, "तुजी गॅलरी उंच हाय ना? खांब दिसतो ना तुला? मंग आता दोगी बगा."

मी त्यांना नवा शर्ट आणला, लालभडक, आमच्या तिसऱ्या मजल्यावरून ओळखू येईल असा. "यात मी लग्नातला बॅन्डवाला दिसतो," म्हणाले, पण तोच घालू लागले. तेव्हापासून माझी सकाळ गॅलरीत सुरू व्हायची. आधी शर्ट, मग चहा. ऑफिसला निघताना तो खिळ्यावर असला, तर बेलापूरला पोचल्यावर काकीला फोन. "आले गं बाय, जेवतात," हे ऐकेपर्यंत माझं फायलीत लक्ष लागत नसे. नवरा म्हणायचा, "सख्ख्या बापाची एवढी काळजी केली नसशील." खरं होतं ते.

गेल्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी पाणी चढायला लागलं आणि लाल शर्ट जागचा हलला नाही. मी थांबले नाही, लगेच काकीला फोन केला. पुतण्या दहा मिनिटांत निघाला. काका सापडले ते होडीतच, अर्धी ओढलेली पगोळी मांडीवर घेऊन बसलेले. टोपलीत चिंबोऱ्या बांधून ठेवलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, कुणालाच काही करता आलं नसतं. मी ते पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

होडी धक्क्याला लागली, सगळे तिकडे धावले. यमुनाकाकी मात्र आधी खांबाकडे गेली. तिने खिळ्यावरचा शर्ट काढला, झटकला, घडी केली. मग तो छातीशी धरून माझ्याजवळ आली.

"आता गॅलरीत उभी राहू नको, बाय," ती म्हणाली. "मानूस घरी आला."