आठ वेळा पुसलेला आवाज

आई गेली तेव्हा जळगावच्या घरात कंप्युटर येऊन सव्वा वर्ष झालं होतं. जुन्या कॅसेटी त्यावर उतरवून ठेवणं हा माझा सुट्टीतला छंद. मशीनमध्ये केलेला प्रत्येक बदल मी एका वहीत लिहून ठेवत असे.

सुतकाच्या तिसऱ्या दिवशी कुणीतरी कंप्युटर सुरू केला आणि चालू होतानाची त्याची सुरावट घरभर वाजली. रेडिओ, टीव्ही बंदच होते. धरणगावहून आलेले आबा, वडिलांचे चुलतभाऊ, ओट्यावरून ओरडले, "घरमा सुतक शे, आनि हाई काय वाजी ऱ्हायनं?" मी स्पीकरचं बटण शून्यावर आणलं. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून पडद्यावर साउंड कार्डाची खिडकी उघडून तिथूनही आवाज बंद केला. चौदाव्या दिवशी स्पीकरचं बटण वर केलं. खिडकीतलं राहून गेलं.

धुळ्याची धाकटी बहीण जाताना म्हणाली, "भाऊ, मायनी कॅसेट माले दे."

कानबाई देवीच्या जागरणाला आई म्हणायची ती गाणी त्या कॅसेटवर होती. सत्तावीस मिनिटं. दुसरी प्रत नव्हती.

"टेप जुनी आहे. आधी कंप्युटरवर घेतो, मग ने," मी म्हटलं.

"तुले बठ्ठं मोजीसनच देनं ऱ्हास," माझ्या मोजूनमापून देण्यावर बोट ठेवत ती म्हणाली आणि रिकाम्या हातानं एस्टीत बसली.

पुढच्या रविवारी टेप लावली, पूर्ण सत्तावीस मिनिटं कंप्युटरवर घेतली आणि ऐकायला गेलो तर काहीच नाही. स्पीकर थेट टेपला जोडले, आईचा आवाज खणखणीत आला. म्हणजे टेप ठीक, स्पीकर ठीक. दोष कार्डात, आणि कार्डात दोष तर फाइलही कोरी, असा मी हिशेब मांडला. घेताना पडद्यावर आवाजाची हिरवी रेषा हलत होती, हे मी पाहिलं होतं. कंप्युटर जोडून देणाऱ्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "ती वायरची घरघर असेल. आणि साहेब, डब्यावर थापा मारू नका, ढोलकी नाही ती."

डिस्कवर एकशे ऐंशी एमबी जागा होती आणि एका फाइलला एकशे पस्तीस लागत. त्यामुळे दर वेळी आधीची 'कोरी' फाइल पुसूनच पुढची घ्यावी लागे. वायर बदलली. पिन दुसऱ्या भोकात घातली. कार्ड काढून, पुसून शेजारच्या खाचेत बसवलं. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा पूर्ण टेप. दर वेळी टेपचं हेड स्पिरिटनं पुसायचो, तेव्हा कापसावर तपकिरी भुकटी येई. ती टेपच्या पट्टीवरचाच थर झिजून येते हे मला माहीत होतं. तरी आठ वेळा घेतलं आणि आठ वेळा पुसलं.

नवव्या वेळी चौथ्या मिनिटाला टेप अडकली. झाकण उघडलं तोवर पट्टी रोलरला गुंडाळली जाऊन तुटली होती. चिकटवून पाहिली, पण तिथून पुढे पट्टीवरचा थरच सुटून आला होता, नुसती खरखर होती.

त्यानंतर मी वही पहिल्यापासून वाचली. चाचण्या नव्या पानावर सुरू केल्या होत्या. त्याच्याच मागच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: 'सुतक. स्पीकर शून्य. खिडकीतून आवाज बंद.' इतके दिवस त्या खिडकीत मी टेपचा आवाज आत येण्याचा रकाना तेवढा तपासत होतो, बाहेर जाण्याचा नाही. बंद केलेला आवाज सुरू केला आणि नववी फाइल लावली. चार मिनिटं आई स्वच्छ गात होती. पहिल्या फाइलपासून ती तशीच गात असणार.

महिन्यानं बहीण आली. तिला खुर्ची दिली, फाइल लावली. आवाज थांबला तेव्हा ती पडद्याकडे बघत राहिली.

"पुढे?"

मी सगळं सांगितलं, आकड्यांसकट. काहीही लपवलं नाही.

"आठ येळा पुसं?"

"आठ वेळा."

पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "आते तरी कॅसेट देशी, का तीबी ठेवशी?"

मी कपाटातून तुटकी कॅसेट काढून दिली. कागदात गुंडाळून देऊ लागलो, तर तिनं गुंडाळू दिली नाही. तशीच पिशवीत टाकली.